दोरीचं दुसरं टोक

स्वयंपाकघरातलं टेबल त्या घरात जेवायला कमी आणि समुद्राचा नकाशा पसरायला जास्त लागायचं. नकाशा जुना, घड्यांवर विरलेला, आणि सोडला की गुंडाळी होऊन बसणारा. म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर पाना, तिसऱ्यावर शिशाचं वजन आणि चौथ्यावर एक दात. दात म्हणजे साधासुधा नव्हे. तळहाताएवढा, काळाकुळकुळीत, दगड झालेला, लाखो वर्षांपूर्वी कुठल्यातरी राक्षसी शार्कच्या जबड्यातून गळून पडलेला. घरी येणारा प्रत्येक जण आधी तो दात उचलायचा, आणि नकाशाचा तेवढा कोपरा लगेच उठून बसायचा.

घरातली बाई एका डेंटल लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांनी माप पाठवायचं, हिने कॅप घडवायची, कवळी बसवायची, घासून गुळगुळीत करून परत धाडायची. सगळे तिला दातवाली म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नवरा सिलिंडर भरायच्या कारखान्यात. हॉस्पिटलचा ऑक्सिजन, वेल्डिंगचा गॅस, पाण्याखाली जाणाऱ्यांची हवा, मागाल ते भरून द्यायचा. तो हवावाला. लग्नात मित्रांनी ‘दात आणि हवा एकत्र आले, आता शिट्टी वाजणारच’ असा विनोद केला होता. तो इतका वाईट होता की दोघांनी तो आयुष्यभर जपला.

माणसं सुट्टीत डोंगरावर जातात, नाहीतर घरी लोळत पडतात. ही दोघं गढूळ पाण्याच्या तळाशी पालथी पडून खडे चाचपायची. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे तळाशी जुन्या खड्यांचा थर असतो, आणि त्या खड्यांत हे दात. पाणी असं की टॉर्च लावला तरी स्वतःचा हात दिसायचा नाही. एका हाताने लांब स्क्रूड्रायव्हर वाळूत खुपसून धरायचा, म्हणजे ओढ माणसाला घेऊन जात नाही, आणि दुसऱ्या हाताने नुसतं चाचपायचं. दोघांच्या मनगटांना एक दोरी. एक झटका म्हणजे ठीक आहेस ना, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे चल वर. दिवसभर लोकांच्या दातांत आणि सुट्टीत माशांच्या दातांत, दात कोरून कुणाचं पोट भरलंय का, असं तिची आई म्हणायची. पोट भरत नव्हतंच. पण त्या अंधारात दोरीला एक झटका यायचा, आपण एक द्यायचा, आणि त्या दोघांना त्यापलीकडे फारसं काही लागत नसे.

त्यांची नजर बऱ्याच वर्षांपासून लांबच्या एका खडकपट्टीवर होती. तिथले दात अखंड मिळतात, कडेची करवतही शाबूत असते, असं ऐकून होते. पण तिथे न्यायला एकच बोटवाला तयार असायचा, आणि तोही समुद्र आणि त्याचा स्वतःचा मूड एकाच वेळी शांत असेल तरच. यंदा दोन्ही जुळले. बोटवाल्याने निरोप दिला, या, फक्त डॉक्टरची सही घेऊन या. झालं, त्या दिवसापासून टेबलावर जेवण बंद.

सराव म्हणून दोघं एका जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यात उतरू लागले, आणि तिथे एक नवल घडलं. तिची हवा त्याच्याआधी संपायला लागली. एरवी हा हवेचा उधळ्या आणि ती चिकट. तिच्या सिलिंडरमध्ये उरलेल्या हवेवर तो कितीदा वर आला होता. आता तिचा हवेचा काटा भराभर खाली. त्याने चिडवलं, म्हणाला, शेवटी माझ्यावर गेलीस. आणि मग हवावाल्याने काय केलं, तर तिच्यासाठी मोठं सिलिंडर आणलं. तेही पुरेना तेव्हा तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर खोलून साफ केला. मग वॉल्व्ह बदलला. मग तळाशी राहायला कमरेला बांधायचं तिचं शिसं कमी केलं, म्हणे ओझ्याने दम लागत असेल. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानेसुद्धा विचारलं असतं, बाई, तुम्हाला धाप का लागते? पण ही दोघं पडली पाण्याखालची माणसं. त्यांनी काटा बघितला, वॉल्व्ह बघितला, माणूस बघितलाच नाही. तिने स्वतःही नाही. रेग्युलेटरच जुना झालाय, असं तीच त्याला सांगत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डॉक्टरने सही करण्याआधी छातीचा फोटो काढायला लावला, आणि तो बघून विचारलं, तुम्ही काम काय करता? तिने सांगितलं. मास्क लावता का? लावते की, ती म्हणाली. आणि मग तिला आठवलं की कॅपचा रंग बघायला आपण मास्क खाली ओढतो, आणि घासल्यावरची भुकटी उडवायला तोंडानेच फुंकर मारतो. इतकी वर्षं दिवसातून कितीदा तरी. ती भुकटी आता आत जाऊन बसली होती. डॉक्टर म्हणाला, पाण्याखाली आता नाही, वर येताना फुप्फुस फाटेल. मग तो हळूहळू पुढचं सांगू लागला. हा आजार मागे फिरत नाही, पुढेच जातो, फार तर त्याची चाल मंदावता येते. किती वर्षं, असं तिने विचारलं, तेव्हा तो टेबलावरची पेनं सरळ रांगेत लावू लागला. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण तिने आजवर गिऱ्हाइकांच्या कवळ्यांबद्दल हसत हसत वापरली होती. जिना उतरताना तीच आठवली आणि तिला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

तिने लपवलं नाही. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं, उठला आणि स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करू लागला. नळ गळत नव्हता. तो त्याने पूर्ण खोलला, वायसर काढला, पुसला, परत बसवला. मग टेबलापाशी येऊन नकाशाची गुंडाळी केली आणि कपाटावर टाकली. तिने स्टूल घेऊन ती खाली काढली आणि पुन्हा पसरली. चारही कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या.

मग भांडण. तो म्हणायचा, बोटवाल्याला नाही कळवतो. ती म्हणायची, कळवून तर बघ. त्याचं म्हणणं सरळ होतं, की तिच्याशिवाय तो पाण्यात उतरणार नाही, तिथे काय ठेवलंय, चार दगड. तिचंही म्हणणं सरळ होतं, फक्त ते तोंडातून बाहेर पडायला काही दिवस गेले. दात गेले खड्ड्यात. तिला एकच भीती पोखरत होती. हा माणूस एकट्याने काही करू शकत नाही. बाजारातून साबण आणायचा तरी हिला बरोबर घेऊन जाणारा. हिच्यामागे हा घराचं दार लावून बसेल, आणि ते दार पुन्हा उघडायला कुणी नसेल. शेवटी एका संध्याकाळी तिने ते बोलून टाकलं.

“तू दुसऱ्या कुणाबरोबर खाली गेलेला आणि वर आलेला मला बघायचाय,” ती म्हणाली. “मी बघायला आहे तोवर.”

तो नाही म्हणाला. ती आणखी बोलू लागली आणि मध्येच खोकला आला, आणि तो थांबेचना. हवावाला पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, बरं, जातो, जातो, तू आधी गप्प बस. लग्न झाल्यापासून वादात ती नेहमीच जिंकायची. पण अशी जिंकलेली तिला आवडली नाही.

जोडीदार म्हणून त्याची धाकटी बहीण ठरली. धाकटी तलावावर पोहणं शिकवायची. गळ्यात शिट्टी, आवाज असा की पलीकडच्या काठावरचं पोर घाबरून तरंगायला लागावं. पाण्याखाली उतरायलाही ती या दोघांकडूनच शिकली होती, पण निळ्या, स्वच्छ पाण्यात. अंधाराच्या पाण्याशी तिची गाठ नव्हती. वहिनीला नणंदेचा कधीमधी राग यायचा, कारण ती ताटातलं न विचारता उचलायची आणि घेतलेली वस्तू कधी परत करायची नाही. पण जीव लावणारी होती. तिला खरं सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. निदान फेरी होईपर्यंत. कळलं की ती धाय मोकलून रडणार, आणि रडणाऱ्या माणसाला शिकवता येत नाही. तेव्हा कानाचं कारण ठरलं. वहिनीचा कान बिघडलाय, डॉक्टर पाण्यात जाऊ देत नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटी आली, आली ती टेबलावरचा दात उचलूनच. नकाशाचा कोपरा उठला. वहिनीने त्यावर बशी ठेवली.

“दादाचं ऐकून ऐकूनच गेला असेल कान,” धाकटी म्हणाली, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसली. दादाही हसला, जरा जास्तच.

आधी हवेचा हिशेब. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश जोडीदारासाठी राखून, हा त्यांचा जुना शिरस्ता. हवावाल्याने पेन्सिल घेतली, आणि हिशेबात सवयीने बायकोचे आकडे घातले. तिने ते खोडले आणि नणंदेला विचारून नवे लिहिले. मोठं सिलिंडर आता लागणार नव्हतं. मग शिसं. मग दोरी. धाकटीला झटके पाठ होते. एक, दोन, तीन, ती म्हणाली, त्यात काय अवघड आहे, पोरांनाही येईल.

वहिनी म्हणाली, दोरीचं सोपं आहे, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण बांधलंय ते अवघड आहे. आणि मग तिने नवऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली, तो समोर बसलेला असताना. हा घाबरला की थांबत नाही, उलट भराभर खणायला लागतो, दोरीतून ते हातांचे हिसके कळतात. तसं झालं की त्याच्या दंडावर हात ठेवायचा आणि ठेवूनच द्यायचा, झटका द्यायचा नाही. थंडी वाजते तेव्हा हा सांगत नाही, पण आपल्या झटक्याला याचा झटका उशिरा येतो. उशीर झाला की समजायचं, आणि वर घेऊन यायचं, भांडत बसायचं नाही. खाली असताना तो गुणगुणतो, त्याला स्वतःला ठाऊक नाही. ते ऐकू येत असेल तर सगळं ठीक. बंद झालं की लक्ष द्यायचं.

हवावाला ऐकत होता. आपण गुणगुणतो हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. काय गुणगुणतो, असं त्याने विचारलं. सूर नसतो त्याला, ती म्हणाली, पण मला तो ओळखीचा आहे.

“आणि मोठा दात मिळाला की?” धाकटीने विचारलं. “पिशवीत टाकतो ना गपचूप? सांगतो कुठे कुणाला.”

पिशवीत नाही टाकत, वहिनी म्हणाली. आधी हातात देतो. अंधारात माझा हात शोधतो, त्यात ठेवतो, आणि मी अंगठा फिरवून बघायचं, वरच्या जबड्यातला की खालच्या. मग परत द्यायचा. या घरात जेवढे दात आहेत ते सगळे आधी असे तिच्या हातातून गेले होते. हे सांगून झाल्यावर ती पाणी प्यायली.

धाकटी दात खालीवर करून बघत होती. तिला या दातांतलं बाकी काही कळत नसे, पण शार्कचा पुढचा दात पडला की मागच्या रांगेतला सरकून पुढे येतो, एवढं वहिनीने तिला लहानपणी सांगितलेलं आठवत होतं. “म्हणजे मी मागच्या रांगेतली,” ती म्हणाली. “आता सरकले पुढे. मग मलाही देशील ना रे दादा, हातात?”

“नाही,” तो म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला की धाकटीचं हसू ओठांवरच राहिलं. वहिनीने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. मग तो म्हणाला, देईन, देईन, आणि पेन्सिलीने नकाशावर उगाच रेघा मारत बसला. धाकटी एकदा भावाकडे आणि एकदा वहिनीकडे बघत राहिली. पोरांच्या तोंडाकडे बघून कोण बुडतोय आणि कोण नाटक करतोय हे ओळखणं हा तिचा रोजचा धंदा होता. पण दुसराच विषय काढायचा म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला.

दोरी सुटली तर काय? तुटली, अडकली, हातातून निसटली तर? नियम मला माहीत आहे, ती म्हणाली. मिनिटभर आजूबाजूला शोधायचं, नाही सापडलं तर वर यायचं. दोघांनीही. वर भेट होते. “दादा पाळतो ना?”

“पाळतो,” हवावाला म्हणाला.

“नाही पाळत,” वहिनी म्हणाली.

आणि तिने सांगितलं. खूप पूर्वी एकदा एका बुडालेल्या लोखंडाच्या कडेला घासून दोरी तुटली. तिने मिनिटभर शोधलं आणि नियमाप्रमाणे वर आली. बोटीच्या कडेला धरून थांबली. तो येईना. पाण्यावर त्याचे बुडबुडे दिसत होते. ते गोल गोल फिरत होते, लांब जात होते, परत येत होते. खाली तो तिला शोधत होता, आणि वर ती ते बुडबुडे बघत होती, आणि त्याला हाक पोचवायचा काही मार्ग नव्हता. काटा लाल खुणेखाली गेल्यावर, अगदी शेवटी तो वर आला. आल्यावर तिने त्याला इतकं फाडून खाल्लं की बोटवाला तोंड फिरवून बसला. त्याने शपथ घेतली, पुन्हा असं नाही. पुढे आणखी एकदा दोरी सुटली. पुन्हा तसंच.

“अरे पण कमाल आहे तुझी,” धाकटी म्हणाली. “वर येऊन बघायचं ना आधी. माणूस वरच असतो.”

हवावाल्याने पेन्सिल खाली ठेवली. तो बहिणीशी बोलत होता, पण बघत होता बायकोकडे.

“आणि वर आलो,” तो म्हणाला, “आणि वर ती नसली तर?”

तिला वाटलं होतं की हा प्रश्न आपण एकटीच बाळगून आहोत. आजवर तो नळ खोलत होता, रेघा मारत होता, तिला वाटलं होतं की त्याला अजून नीट पोचलेलंच नाही. त्याला सगळं पोचलं होतं, डॉक्टरच्या जिन्यावर तिला पोचलं त्याहूनही जास्त. धाप लागली तरी आज हे बोलायचं, पुन्हा धीर होणार नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

“तरीही वर यायचं,” ती म्हणाली. “मिनिटभर शोधायचं आणि वर यायचं. मी नसले तरी.”

धाकटीने दात टेबलावर ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

“वहिनी,” ती म्हणाली, “कान नाहीये ना?”

वहिनीने मान हलवली. धाकटी रडली नाही. ती धाय मोकलून रडेल असा दोघांचा अंदाज होता, तो चुकला. तिने फक्त खुर्ची वहिनीच्या जवळ ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला आणि ठेवूनच दिला. आत श्वासाची घरघर हाताला लागत होती. ती ऐकत राहिली.

“येशील ना वर?” दातवालीने नवऱ्याला विचारलं.

पाण्यात उतरण्याआधीच्या बोलण्यात ‘बघू’ चालत नाही. हो म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं. बघू म्हणणाऱ्याला बोटीवर बसवून ठेवायचं. कितीतरी नवशिक्यांना याच टेबलावर तिने असं परत पाठवलं होतं. हे त्यालाही माहीत होतं, आणि या टेबलावर तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. म्हणून त्याला हो म्हणता येईना. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि त्याआडून डोळे वाहतच राहिले.

“बघतो,” तो म्हणाला.

तिने खूप वेळ त्याच्याकडे बघितलं. मग पेन्सिल उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, चालेल, पुढचा हिशेब मांड.